तिसऱ्या अंकातला पॉज

त्या रस्त्याला कागदोपत्री दुसरंच काही नाव होतं, पण सगळं शहर त्याला दिव्यांचा रस्ता म्हणायचं. एके काळी तिथे नाटकगृहं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि प्रत्येकाच्या कपाळावर बल्बांची माळ होती. त्यांची खरी नावं दगडात कोरलेली होती; ती कुणी वाचली नाहीत. लोकांनी आपली आपण नावं ठेवली. घुमट असलेलं ते ‘घुमट’. आत शिरल्याबरोबर भिंतभर आरसा, म्हणून ‘आरसा’. ज्याच्या बाल्कनीत उंच माणसाला मान वाकवून बसावं लागे ते ‘बुटकं’. आणि सगळ्यांच्या आधी बांधलेलं, रस्त्याच्या टोकाचं, ते ‘जुनं’. जुनं जेव्हा नवं होतं तेव्हा त्याला काय म्हणत, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

सगळी एकाच वेळी भरलेली असायची, तो काळ प्रॉम्प्टरनं पाहिला होता. तेव्हा चांगला नट एका संध्याकाळी दोन ठिकाणी काम करायचा. घुमटात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मेलेला राजा मुकुट काखेत मारून रस्ता ओलांडायचा, कारण बुटक्यात तिसऱ्या अंकात तो वकील असायचा. चौकातला पोलीस शिट्टी फुंकून गाड्या थांबवायचा आणि वर म्हणायचा, “मेलेल्या माणसाला वाट द्यावीच लागते.” प्रत्येकाची तिसरी घंटा वेगळी. घुमटाची जाड, आरशाची किणकिणती, बुटक्याची फुटकी. रस्त्यावरचे नाटकवाले चहा पिता पिता नुसत्या घंटेवरून सांगत, कुणाचा पडदा आता वर जाणार.

मग एकेक गेलं. पहिल्यांदा आरसा, आगीत. मध्यंतरात सगळी माणसं चहाला बाहेर असताना आग लागली, त्यामुळे कुणी दगावलं नाही. पण आरसा तडकला तो आवाज जुन्याच्या विंगेपर्यंत ऐकू आला. तिथे आता गाड्या लावतात. बुटक्याचं आधी सिनेमा थिएटर झालं आणि मग गोदाम. घुमटात फर्निचरचं दुकान आलं. पूर्वी बॉक्समध्ये श्रीमंत बसायचे, आता सोफे बसतात. प्रॉम्प्टर एकदा तिथे आपल्या बहिणीसाठी खुर्ची बघायला गेला आणि पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. सेल्समननं हटकलं, “आजोबा, पुढून या. इकडून फक्त माल येतो.”

“मी इकडूनच यायचो,” प्रॉम्प्टर म्हणाला आणि खुर्ची न बघताच घरी आला.

उरलं होतं जुनं. आता तेही विकलं गेलं. महिनाअखेरीस पाडायचं ठरलं, आणि त्याआधीच्या रविवारी दुपारी तिथला शेवटचा प्रयोग ठरला. प्रयोग बाईंचा होता.

बाईंच्या नावाची पाटी लागली की जुन्याच्या दारात दुसऱ्या दिवसापासून रांग लागायची, अशी त्यांची सद्दी होती. बाईंचे यजमान नाटक कंपनीचे मालक आणि नाटकाचे नायकही. प्रॉम्प्टर त्या कंपनीत शिरला तो अक्षर चांगलं म्हणून, नाटकाच्या नकला उतरवायला. एकदा मूळच्या प्रॉम्प्टरला शिंका आवरेनात, तेव्हा याला विंगेतल्या स्टुलावर बसवलं. तो जो बसला तो बाई निवृत्त होईपर्यंत उठला नाही.

विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा. तिथे अंधारात, मांडीवर नाटक घेऊन, झाकलेल्या दिव्याच्या उजेडात बसायचं. नट वाक्य विसरला की ते कुजबुजत त्याच्या कानात सोडायचं. प्रॉम्प्टरची सगळी अब्रू एकाच गोष्टीत असते: नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला जाता कामा नये. याची ख्याती अशी, की एका समारंभात यजमानांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाले, “आमच्या बाईंचा आतला आवाज तो हा. विंगेत बसतो आणि बिनसाखरेचा चहा पितो.” तेव्हापासून रस्ताभर त्याचं नाव पडलं आतला आवाज. बाईंनी ते आणखी छाटलं. त्या त्याला नुसतं ‘आवाज’ म्हणत. “अहो आवाज, आज थोडं लवकर फेका, घसा बसलाय,” असं.

दोघांच्या दोन खुणा होत्या. बाई अडल्या की त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा अनामिकेवर घासू लागे. ही खूण त्यांनी ठरवलेली नव्हती, बहुधा त्यांना ठाऊकही नव्हती. ती त्यानं हेरलेली होती. दुसरी खूण बाईंची. वाक्य कानात पडलं की त्या खांद्यावरची शाल सावरत. म्हणजे, पोचलं.

इतक्या वर्षांत त्यानं बाईंच्या कानात काय नाही सांगितलं! आर्जवं केली, शाप दिले, जन्मभर साथ देण्याच्या शपथा वाहिल्या. त्यातला एक शब्द त्याचा नव्हता. स्वतःचं म्हणून तो फार तर “पायरी जपा” म्हणाला असेल. घरी ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, सुरुवातीला त्याच्या लग्नाचा विषय काढायची. त्याचं उत्तर ठरलेलं, “त्या दिवशी प्रयोग आहे.” पुढे ताईचे यजमान गेले, ती कायमची भावाकडे राहायला आली, आणि मग विषय कुणी काढलाच नाही.

यजमान गेल्यावर बाईंनी काम थांबवलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. म्हणून नातीचा फोन आला तेव्हा प्रॉम्प्टर उभा राहून बोलला.

नात म्हणजे बाईंची नात. तीच आता नाटक बसवत होती. “काका, शेवटचा प्रयोग आजीचा ठरलाय. पण तिला आता मधेच काही आठवत नाही. ती म्हणते, आवाज नसेल तर मी नाही. याल ना?”

“येतो,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर ताई त्याच्याकडे बघत राहिली. “तिला सांगितलंस का?”

“काय?”

“हेच. मी एवढ्या मोठ्यानं बोलले तरी तू काय म्हणून विचारतोस, हे.”

कारण प्रॉम्प्टरला ऐकू कमी यायला लागलं होतं. डावा कान कामातून गेलेला, उजवा जायच्या मार्गावर. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण तोंडाशी हात नेऊन कुजबुजायला गेलं की ते शिट्टी मारायचं. विंगेत शिट्टी मारणारा प्रॉम्प्टर काय कामाचा? म्हणजे यंत्र काढायचं. आणि यंत्र काढलं की स्वतःचा आवाज किती, हेच त्याला कळत नव्हतं. पण हे तो सांगणार नव्हता. बाईंच्या कानात एकदा, शेवटचं एकदा, आपला आवाज जावा, बाकी त्याला काही नको होतं.

नाटक ठरलं ते बाईंचं सगळ्यात गाजलेलं. स्टेशनवरची वेटिंग रूम, तिथे रोज येऊन बसणारी एक बाई. तिसऱ्या अंकाच्या शेवटी एक परका प्रवासी तिला विचारतो, “तुम्ही कुणाची वाट पाहताय?” आणि ती म्हणते, “आता कुणाची नाही. सवय राहिलीय.” या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे बाई थांबत. तो पॉज बघायला लोक दुसऱ्या गावांहून येत. खोकणारा खोकला गिळून बसे. त्या शांततेवर वर्तमानपत्रांत रकाने भरून आले.

तो पॉज कुठून आला हे मात्र कुठे छापून आलं नाही. लेखकानं लिहिलेला नव्हता. पहिल्याच प्रयोगाला, प्रवासी झालेल्या यजमानांनी प्रश्न विचारला आणि बाई गप्प. वाक्य फेकणं प्रॉम्प्टरचं काम. आणि प्रॉम्प्टर, आयुष्यात पहिल्यांदा, कागदाकडे बघतच नव्हता. तो बाईंकडे बघत होता. वेटिंग रूमच्या पिवळ्या उजेडात बसलेल्या बाई, आणि त्यांच्याकडे बघत स्टुलावर बसलेला तो. भानावर येऊन त्यानं ओळ शोधली तोवर बाईंना ती आपोआप आठवली होती आणि टाळ्यांनी जुन्याचं छत हललं होतं. बाई विसरल्या आणि आपण चुकलो, त्यातून हे झालं, असं तो समजून होता. यजमान म्हणाले, “झकास! हे ठेवायचं.” ते ठेवलं गेलं. पुढच्या प्रत्येक प्रयोगाला त्या पॉजमध्ये त्याला काम नसे. तेवढा वेळ तो हक्कानं बघत बसे.

तालमीच्या पहिल्या दिवशी बाई पहिल्याच अंकात अडल्या. अंगठा हलला. प्रॉम्प्टरनं तोंडाशी हात नेला आणि वाक्य सोडलं.

जुन्याच्या बाल्कनीतली कबुतरं उडाली.

परक्या प्रवाशाचं काम करणारा नट टीव्हीवरचा होता, बोलायला मोकळा. तो म्हणाला, “काका, मलाही आठवलं बरं का. बाहेरच्या पानवाल्यालाही.” सगळे हसले. प्रॉम्प्टरला हसणं ऐकू आलं नाही, दिसलं. त्यावरून काय झालं ते त्याला समजलं.

नात त्याला बाजूला घेऊन बसली. पोरगी सरळ होती, आडून बोलली नाही. “काका, ऐकू येत नाही ना?”

“येतं. थोडं.”

“मग असं करू. आजीच्या कानात छोटं यंत्र लावू. मी मागून माइकवर वाक्यं सांगेन. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मानानं.”

नातीचं चूक नव्हतं. बाईंच्या कानात यंत्र लावून बघितलं. दोन पानं झाली नाहीत तोच बाईंनी ते ओढून काढलं. “डोक्यात कुणीतरी भाडेकरू येऊन राहिल्यासारखं वाटतं गं. आवाज डावीकडून यायला हवा. मी जन्मभर त्या अंगाला एक पाऊल झुकून उभी राहिले. आता मधोमध काय उभी राहू?”

“आजी, काकांचा आवाज बाहेर जातोय.”

“मग जरा आत घ्यायला सांग त्यांना.”

शेवटी तह झाला. रंगीत तालमीला नात पहिल्या रांगेत बसणार. तिला प्रॉम्प्टर ऐकू आला तर यंत्र. नाही आला तर स्टूल त्याचं.

घरी तालीम सुरू झाली. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली आणि हा बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. ठरलं असं, की ताईला ऐकू आलं तर तिनं ताटावर चमचा मारायचा.

“आता कुणाची नाही. सवय राहिलीय.”

टण्.

त्यानं आवाज उतरवला. पुन्हा टण्. आणखी उतरवला. ताई चमचा घेऊन बाहेरच आली, म्हणजे त्याला दिसावा. “अरे, ओरडतोस काय?”

“मी कुजबुजतोय.”

“ही तुझी कुजबुज असेल तर तू भांडत नाहीस ते देवाचे उपकार.”

तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली. ताईला हळूच म्हणाली, “सगळं ठीक आहे ना हो? भाऊ रोज कुणाला तरी सांगत असतात, सवय राहिलीय, सवय राहिलीय. व्यसन वगैरे...?”

“नाटकाचं,” ताई म्हणाली. “दारू परवडली. ती सुटते तरी.”

उपाय ताईलाच सापडला. ती त्याच्यापुढे बसली, त्याची दोन बोटं त्याच्याच गळ्यावर ठेवली. “बोल. थरथरतंय? म्हणजे आवाज निघतोय. आता नुसत्या श्वासानं बोल. थरथर नाही ना? आता खरी कुजबुज.” तो बोलला. ताई आत गेली, ताट घेऊन बसली. बराच वेळ टण् आलं नाही. तो आत डोकावला तर ताई चमचा हातात घेऊन वाट बघत होती. “बोललास?” तिनं विचारलं.

“केव्हाच.”

“मग जमलं,” ती म्हणाली, आणि चमचा ताटात ठेवत पुढे म्हणाली, “माझ्या अंगात कला असती तर मीही नाटकात गेले असते. निदान कुणी मला एवढं घोकून काही सांगितलं असतं.”

रंगीत तालीम झाली. नात पहिल्या रांगेत, कान टवकारून. तिसऱ्या अंकाआधी एका जागी बाईंनी अडायचं होतं. बाई अडल्या. प्रॉम्प्टरनं बोटं गळ्यावर ठेवून नुसत्या श्वासानं वाक्य सोडलं. बोटांखाली काही हललं नाही. बाईंनी शाल सावरली आणि वाक्य घेतलं, जसं काही मधली वर्षं गेलीच नव्हती. नात उठून टाळ्या वाजवायला लागली. “काका, बसा. स्टूल तुमचं.”

त्या दिवशी दिव्यांच्या रस्त्यावरून घरी जाताना प्रॉम्प्टर गाड्या लावायच्या जागेपाशी थांबला. आरशाच्या जागी. तिथल्या राखणदाराला म्हणाला, “इथे भिंतभर आरसा होता.” राखणदार म्हणाला, “असेल. तुमची गाडी कोणती?”

रविवारी जुनं भरून वाहत होतं. जिन्यात माणसं, बाल्कनीच्या कठड्यावर माणसं. जे वर्षानुवर्षं फिरकले नव्हते तेही निरोपाला आले होते. नाटकगृह आजारी असताना कुणी येत नाही, अंत्ययात्रेला मात्र गर्दी. ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून.

पडद्याआधी बाईंनी प्रॉम्प्टरला मेकअपच्या खोलीत बोलावलं. आरशाभोवतीचे निम्मे बल्ब गेलेले. उरलेल्यांच्या उजेडात बाई कुंकवाची रेघ सरळ करत होत्या. त्याच्या कानात अजून यंत्र होतं.

“बसा आवाज. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तुम्हाला एक सांगायचंय ते लक्षात ठेवलंय. म्हणून आधी सांगते. त्या दिवशी तालमीत मला काही ऐकू आलं नव्हतं.”

प्रॉम्प्टरला वाटलं, यंत्रानं भलतंच ऐकवलं. “शाल सावरलीत की.”

“सावरली. नाही तर पोरीनं तुम्हाला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं असतं. वाक्य माझं मला आठवलं, नशीब. कान माझेही कुठे पूर्वीचे राहिलेत? तुम्ही श्वास सोडता, मला वाटतं पंखा फिरतोय.”

“आणि मला ऐकू येत नाही, हे?”

“ते पहिल्याच दिवशी कळलं. मी म्हटलं, आवाज, म्हातारे झालात. तुम्ही म्हणालात, हो हो, बिनसाखरेचाच.”

दोघं हसले. मग हसू ओसरलं. प्रॉम्प्टर म्हणाला, “बाई, मग आज अडलात तर?”

“अडले तर अडले. अजून अडले कुठे?” त्यांनी डबी मिटली. त्याच्याकडे नव्हे, आरशातल्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “आणि आणखी एक. तो पॉज. पहिल्या प्रयोगाचा. तुम्हाला वाटतं मी विसरले होते.”

प्रॉम्प्टरनं कानातलं यंत्र बोटानं आणखी आत सारलं.

“विसरले नव्हते हो. वाक्य जिभेवर होतं. पण तुम्ही कागद सोडून माझ्याकडे बघत होता. तुम्ही कधी मान वर करत नसायचात. म्हटलं, बघू द्यावं जरा. थांबले.”

बाहेर पहिली घंटा झाली. बाई उठल्या, शाल घेतली. “पुढे रोजच थांबले,” त्या म्हणाल्या आणि विंगेकडे चालू लागल्या. दाराशी वळून त्यांनी विचारलं, “आज कोणता अंक आधी?” ते त्यांनी थट्टेनं विचारलं की खरंच, हे त्याला कळलं नाही.

तिसऱ्या घंटेला त्यानं यंत्र काढून खिशात टाकलं. जग गप्प झालं. स्टूल तेच, एक पाय आखूड. आता नाटक त्याला ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं: ओठ, आणि मांडीवरच्या कागदावर त्या ओठांबरोबर सरकणारं बोट.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात एकदा बाईंचा अंगठा हलला. त्यानं गळ्यावर बोटं ठेवून श्वास सोडला. शाल सावरली गेली नाही. टीव्हीवरच्या नटानं प्रसंग ओळखून आपलंच वाक्य फिरवून म्हटलं आणि गाडी रुळावर आली. पोरगा बोलायला आगाऊ, पण कामाला पक्का. बाई म्हणाल्या ते खरं होतं. पहिल्या रांगेला जो ऐकू येत नव्हता, तो बाईंनाही येत नव्हता.

तिसऱ्या अंकाचा शेवट. पिवळा उजेड. बाकावर बाई. नट पुढे आला आणि त्याचे ओठ हलले: तुम्ही कुणाची वाट पाहताय?

पॉज.

प्रॉम्प्टरनं सवयीनं मान वर केली. एवढा वेळ त्याचा होता. आज त्याला ठाऊक होतं, की तो चोरून घेतलेला नव्हता, दिलेला होता. तो बघत राहिला. बाईंची हनुवटी किंचित वर, हात मांडीवर. समोर सगळं जुनं श्वास रोखून बसलेलं. लोकांना वाटत होतं, हाच तो.

आणि मग अंगठा हलला. अनामिकेवर घासला, परत घासला.

हा पॉज नव्हता. बाई गेल्या होत्या. वाक्य सोडून, वेटिंग रूम सोडून, कुठेतरी. नटाच्या डोळ्यांत भीती उतरली. इथे फिरवायला त्याच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. अख्खं नाटक ज्या ओळीसाठी होतं ती ओळ बाईंचीच होती.

प्रॉम्प्टरची बोटं गळ्यावर गेली. श्वासानं बोललं तर अब्रू राहील आणि वाक्य पोचणार नाही. उभ्या आयुष्यात तो पहिल्या रांगेला ऐकू गेला नव्हता. रस्त्यावरचं शेवटचं नाटकगृह, शेवटचा प्रयोग, आणि त्यात ऐकू जायचं? त्यानं बाईंच्या अंगठ्याकडे बघितलं. मग गळ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि आवाज लावून म्हणाला,

“आता कुणाची नाही. सवय राहिलीय.”

किती मोठ्यानं, ते त्याला कळलं पहिल्या रांगेवरून. सगळी डोकी एकदम विंगेकडे वळली. मागे बाल्कनीत कुणी उभं राहिलं. म्हणजे तिथवर गेलं होतं. सगळ्या जुन्यात एका म्हाताऱ्याचा आवाज घुमला होता, आणि नटानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, फक्त ज्यानं द्यायचं त्याच्याकडून नव्हे.

बाईंचा अंगठा थांबला. आणि बाईंनी जे कधी केलं नव्हतं, कुठलाच नट करत नाही, ते केलं. त्यांनी तोंड फिरवून विंगेत बघितलं. इतकी वर्षं त्याला त्यांची एकच बाजू दिसत आली होती, डावी. आज पूर्ण चेहरा दिसला. ओठ हलले. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण बाईंचे ओठ वाचायला त्याला कान लागत नसत.

“तुम्हालाही?” बाईंनी विचारलं.

त्याची नजर कागदावर गेली. सवयच ती. कागदावर ही ओळ नव्हती, आणि तिला उत्तरही नव्हतं. जन्मभर सगळ्यांची वाक्यं मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला त्याचं एक वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. त्यानं मान हलवली. मग लक्षात आलं, उजेडातून अंधारात बघणाऱ्याला काही दिसत नाही. बाई अंधाराकडे बघून थांबल्या होत्या.

त्याची बोटं पुन्हा गळ्यावर गेली.

“हो,” तो म्हणाला.

बोटांखाली काही थरथरलं नाही. पहिल्या रांगेतलं एकही डोकं हललं नाही. सगळे बाईंकडे बघत होते.

बाईंनी खांद्यावरची शाल सावरली. मग समोर वळल्या, नटाकडे बघून हसल्या, आणि पडदा आला.

टाळ्या त्याला पायाखालच्या फळ्यांतून कळल्या, बराच वेळ. नात विंगेत धावत आली, डोळे पुसत काहीतरी बोलली. ओठांवरून त्याला एवढंच कळलं, की नवा शेवट कुणी सुचवला असं लोक विचारत होते. बाईंना माणसांनी वेढलं होतं. त्यानं लांबून नमस्कार केला. त्या कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांनी पाहिला नसावा. त्यानं कागद बांधून स्टुलावर ठेवले आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

बाहेर लख्ख दुपार होती. जुन्याच्या कपाळावरची माळ कुणीतरी हौसेनं लावली होती, पण उन्हात ती पेटली आहे की नाही ते डोळे बारीक करून बघावं लागत होतं. ताई कोपऱ्यावर वाट बघत उभी होती. त्यानं यंत्र कानात घातलं. ते एकदा कुईं करून गप्प झालं. दोघं चालू लागले. घुमट मागे पडला, बुटकं मागे पडलं. आरशाच्या जागेपाशी ताईनं विचारलं, “त्यांनी तुला ‘तुम्हालाही’ म्हणून विचारलं. त्यावर तू काही बोललास का रे?”

“तुला ऐकू आलं?”

“नाही.”

“मग नाही बोललो,” प्रॉम्प्टर म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे बघितलं, आणि खांद्यावरचा पदर सावरला.